प्रोसेको आणि फ्रांचाकोर्ता या इटलीच्या दोन बुडबुडेवाल्या (स्पार्कलिंग) वाइन शेजारी ठेवून चाखायच्या आहेत. फरक कसा ओळखायचा?

मुख्य फरक बुडबुडे कुठे तयार होतात यात आहे. प्रोसेको व्हेनेतो आणि फ्रिउली भागातली, किमान 85 टक्के ग्लेरा द्राक्षांची. तिचं दुसरं किण्वन, म्हणजे बुडबुडे आणणारं आंबवणं, सहसा मोठ्या बंद टाकीत होतं, म्हणून फळांचा ताजेपणा टिकतो: हिरवं सफरचंद, पेअर, पांढरी फुलं. फ्रांचाकोर्ता लोंबार्दीतली, ब्रेशियाजवळची. मुख्यतः शार्दोने आणि पिनो नेरो द्राक्षांची. तिचं दुसरं किण्वन बाटलीतच होतं आणि अगदी साध्या प्रकारालाही किमान 18 महिने यीस्टच्या गाळावर ठेवावं लागतं. त्यामुळे ग्लास नाकाशी नेला की ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. बुडबुडे बारीक आणि जिभेवर मऊ. प्रोसेकोचा फेस जरा रांगडा, पटकन विरणारा.

गोडी सारखी असलेल्या बाटल्या घ्या, नाहीतर तुलना फसते. लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' असेल तर ती 'ब्रुट'पेक्षा गोड असते, इथे बरेच जण चकतात. ब्रुटमध्ये लिटरमागे साखर 12 ग्रॅमपर्यंत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये साधारण 12 ते 17.

आधी प्रोसेको चाखा, मग फ्रांचाकोर्ता. उलट केलंत तर प्रोसेको पाणचट वाटते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. उंच निमुळत्या फ्लूट ग्लासऐवजी व्हाइट वाइनचा साधा ग्लास बरा, वास मोकळा होतो. तापमान 7-8 अंश ठेवा. बर्फगार असल्या तर दोन्ही सारख्याच लागतील. आस्ती ही इटलीचीच दुसरी बुडबुडेवाली वाइन मात्र यात मिसळू नका, ती मोस्कातो द्राक्षांची, सहसा गोड, जेवणानंतर घ्यायची.