पडणाऱ्या बर्फाला आवाज असतो का?

प्रश्न : यंदा जानेवारीत आम्ही सहकुटुंब गुलमर्गला गेलो होतो. रात्रभर बर्फ पडत होता, पण पावसासारखा कसलाही आवाज येत नव्हता; उलट आसपासचे इतर आवाजही दबल्यासारखे वाटत होते. सकाळी बुटांखाली बर्फ करकर वाजत होता आणि दुपारी ती करकर थांबली. पडणारा बर्फ खरोखरच निःशब्द असतो का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पडणाऱ्या बर्फाला आवाज असतो, पण तो अत्यंत क्षीण असतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो, तर हिमकण सेकंदाला १ ते २ मीटर इतक्याच वेगाने तरंगत उतरतात. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, थेंब आणि हिमकण यांचे वजन सारखे धरले, तरी हिमकणाचा आघात किमान वीस पटींनी सौम्य ठरतो. त्यातच हिमकण जाळीदार असतो. टेकताना त्याचे नाजूक फाटे मोडतात, दबतात आणि आघाताची धार आणखी बोथट होते. वळवाच्या पावसात पुण्यात पत्र्यावर ज्या गारा ताडताड वाजतात, त्या घट्ट आणि जड असतात, म्हणून वेगाने आदळतात.

तरीही हिमवर्षावाचा आवाज ऐकता येतो, आणि तो जरूर ऐकावा. वारा पडलेला असताना जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून स्थिर उभे राहिले, तर ताणलेल्या कापडावर पडणाऱ्या कणांची बारीक टिपटिप कानाशीच ऐकू येते. फांद्यांवर टिकून राहिलेल्या वाळक्या पानांवरही ती जाणवते. थंडी कडक असेल आणि कण लहान व कोरडे असतील, तर ती अधिक स्पष्ट असते. मोठे, ओलसर पुंजके मात्र जवळजवळ मुकाट्याने उतरतात.

तुम्हाला जाणवलेली शांतता मुख्यतः जमिनीवर साचलेल्या बर्फामुळे होती. ताज्या, भुसभुशीत बर्फात बहुतांश जागा हवेनेच व्यापलेली असते आणि स्फटिकांमधल्या या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. ध्वनिलहरी त्यांत शिरतात, आतली हवा स्फटिकांच्या अंगाला घासत मागेपुढे हलते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. रिकाम्या फ्लॅटमध्ये घुमणारा आवाज गाद्या-पडदे आल्यावर जसा बसतो, तसेच उघड्यावर घडते. बर्फ पडायचा थांबल्यावरही ही शांतता टिकते, हा या कारणाचा चांगला पुरावा आहे. पुढे उन्हाने वरचा थर वितळून पुन्हा गोठला, की त्याचे टणक कवच होते आणि तेच आवाज परावर्तित करू लागते. तेव्हा लांबचे बोलणेही स्वच्छ ऐकू येते. रस्त्यावरची वाहतूक कमी होणे हेही एक कारण आहेच, पण ते दुय्यम.

पाण्यावर पडणाऱ्या हिमकणाची गोष्ट याहून विलक्षण आहे. पाण्यात शिरताना त्याच्याबरोबर हवेचा सूक्ष्म बुडबुडा अडकतो, तो कंप पावतो आणि पाण्याखाली एक तीव्र, क्षणिक ध्वनी उमटतो. १९९९ साली लॉरेन्स क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार या ध्वनीची वारंवारिता सुमारे ५० ते २०० किलोहर्ट्झ असते. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ असल्याने तलावाकाठी उभ्या असलेल्या आपल्याला काहीच कळत नाही, परंतु अतिउच्च ध्वनी ऐकू शकणाऱ्या शिंशुकांसारख्या जलचर सस्तन प्राण्यांना तो जाणवू शकतो.

आता बुटांखालच्या करकरीविषयी. तापमान उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असते, तेव्हा स्फटिक कोरडे आणि कडक असतात. पाय पडताच त्यांच्यातले सांधे तुटतात, कण एकमेकांवर घासतात आणि त्यातून ती करकर निर्माण होते. तापमान शून्याकडे सरकू लागले, की कणांच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर येतो, घर्षण कमी होते आणि बर्फ न मोडता नुसता दबतो. गुलमर्गला रात्रीच्या थंडीने कडक झालेला बर्फ दुपारच्या उन्हात मऊ पडला, म्हणून तुमची सकाळची करकर दुपारी ऐकू आली नाही.