जुन्या हॉट रॉड किटमध्ये (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीचं प्लास्टिक मॉडेल बनवायच्या संचात) टायरने चाकाचं प्लास्टिक वितळवलंय आणि डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) पिवळे पडलेत. किट वाचेल का?

वाचेल, टाकून देऊ नका.

आधी टायर. ते रबर नसून मऊ व्हिनाइल असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलासारखं रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि ज्याला टेकेल त्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, विरघळवतं. म्हणून खोका उघडल्याबरोबर टायर वेगळ्या पिशवीत ठेवा. माझ्या १९३२ फोर्डच्या बॉडीवर टायरची नक्षी ठशासारखी उमटली होती. पुटी भरून, वाळल्यावर ४०० आणि मग ८०० च्या वॉटर पेपरने घासली, आता बोटालाही लागत नाही. जोडताना रिमच्या कडेला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, म्हणजे पुन्हा तेच व्हायचं नाही.

डेकलचा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छापील बाजू उन्हाकडे. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. पण पाण्यात घालायची घाई करू नका! जुना डेकल पाण्यात पडला की त्याचे तुकडे तुकडे होतात. आधी वरून ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक लेपाचा) पातळ हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि मग एकेक चित्र कडेने कापून घ्या.

एएमटी या अमेरिकन किट कंपनीच्या जुन्या थ्री-इन-वन किटमध्ये तीच गाडी स्टॉक, कस्टम किंवा रेसिंग अशी बनवता येते, त्यामुळे काही डेकल उरतातच. पहिला प्रयोग त्यांच्यावर करा. ड्रॅग (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाडीच्या दारावरचा नंबर एकदा फाटला की दुसरा मिळणं फार कठीण.