रामकुंडाचे जिवाणू बॅगेत घालून आणू नकोस

तुझे तीन प्रश्न: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला ६४ टक्के आहेत, जर्मनीत अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर (जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात त्यावर) पीएच.डी. मिळेल का, प्रोजेक्टमध्ये नाशिकच्या रामकुंडाच्या पाण्यातून काढलेले ई. कोलाय (आतड्यातले जिवाणू) सोबत नेता येतील का, आणि बाबा विचारतात तो, "तिकडे पोट भरेल का?"

मधल्यापासून सुरू करते, कारण त्यात खरंच अडकशील. नाही, नेता येणार नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार आपल्याकडचे जिवाणू संशोधनासाठी परदेशी संस्थेला द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सरकारमान्य सहकार्य प्रकल्प असेल तर गोष्ट वेगळी. चिवड्याच्या डब्याशेजारी जिवाणूंची व्हायल, म्हणजे कुपी, ठेवायची कल्पना डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक. ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपलेले जिवाणू) कॉलेजातच राहू दे. जमलं तर पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहाकडे, एनसीएमआरकडे, जमा कर.

टक्क्यांचं फार मनावर घेऊ नकोस. इथे जर्मनीत बहुतेक वेळा विद्यापीठ नव्हे, प्रोफेसर माणूस निवडतो, आणि मुलाखतीत विचारतो की तू हाताने काय केलंस. माझं तिथेच हसं झालं होतं. नाशिकला आम्ही म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) डोळ्याच्या अंदाजाने ओतायचो, कुणाची प्लेट पातळ, कुणाची जाड. कल्चरचा गढूळपणाही ट्यूब ट्यूबलाइटसमोर धरून "बस झालं" म्हणत ठरवायचा. जर्मनीतल्या येनाला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझे सगळे नमुने सिप्रोफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकला रेझिस्टंट निघाले. मी खूश! गाइडबाईंनी शांतपणे कंट्रोलची, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं त्या जिवाणूची, प्लेट मागितली. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाण जिवाणूचा झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, २९ ते ३७ मिलिमीटरमध्ये यायला हवा, माझा आला होता २५. इनॉक्युलम (प्लेटवर पसरायचं जिवाणूंचं पाणी) ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापापेक्षा दाट, अगार चारच्या जागी सहा मिलिमीटर. दोन्हींमुळे झोन लहान होतो आणि जिवाणू खोटाच रेझिस्टंट दिसतो. जिवाणू बिचारे निर्दोष होते.

तू पाठवलेल्या तक्त्यात कोलिस्टिन या अँटिबायोटिकचे निकालही डिस्कने, म्हणजे त्याच चकतीने, काढलेले दिसले. ते काढून टाक. कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरतच नाही, म्हणून त्या झोनला अर्थ नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच, म्हणजे द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करून बघणंच, लागतं. हे वाक्य अर्जात लिहिलंस तर वाचणारा थांबेल.

प्रश्न मात्र घरचाच घेऊन ये. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाच्या तेल्या रोगावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आलेत, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन अँटिबायोटिक्स. त्या बागांच्या मातीतल्या जिवाणूंत कोणती जनुकं टिकतात, हे विचारणारी मुलगी "मला जगाला सुपरबगपासून वाचवायचंय" लिहिणाऱ्या पन्नास अर्जांत उठून दिसते. (मीही तेच लिहिलं होतं.) जागा डीएएडीच्या (जर्मनीची शिष्यवृत्ती संस्था) आणि युरॅक्सेसच्या (युरोपातल्या संशोधन नोकऱ्या) पोर्टलवर बघ. ब्राउनश्वाइग, ट्युबिंगेन, येना इथे या विषयावर काम चालतं.

आता बाबांचं. पीएच.डी. ही इथे बहुधा नोकरी असते. सरकारी पगारश्रेणी टीव्ही-एल १३, पण माझा करार ६५ टक्के पगाराचा होता, आणि काम शंभर टक्के. कर, विमा कापून जे उरतं त्यात एकटीचं भागतं, थोडं शिल्लकही पडतं. नाशिकचं घरकर्ज त्यातून फिटेल असं मात्र त्यांना सांगू नकोस. ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी असते. करारपत्र हाती असेल तर ब्लॉक्ड अकाउंटचीही (व्हिसासाठी बँकेत पैसे अडकवून दाखवायचं खातं) गरज पडत नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं ते घड्याळाचं. विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारण सहा वर्षं पीएच.डी.पर्यंत आणि सहा नंतर, असा कायदा आहे. त्यात कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर कंपनी, किंवा परतीची वाट. माझं पीएच.डी.नंतरचं तिसरं वर्ष चालू आहे आणि मी रात्री कॅलेंडर बघते.

डिसेंबरात पंधरा दिवस नाशिकला आहे. बाबांना घेऊन घरी ये. तोवर कंट्रोल लावून तुझे सिप्रोचे झोन परत मोज, आणि अगारची जाडी पट्टीने.