पहिला स्ट्रीमर बांधून राहिला असशील तर

भाऊ, स्ट्रीमर म्हणजे हुकवर पिसं-धागा बांधून केलेली, छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय फिशिंगची नकली माशी; पहिल्यांदाच बांधतोयस तर काळा नाहीतर ऑलिव्ह वूली बगरच घे, दहा नंबरचा लांब दांडीचा हुक, बाकी फॅन्सी पॅटर्न राहू दे सध्या. आणि आधी कूलर बंद कर बाप्पा, नाहीतर शेपटीला लागणारी मॅराबूची मऊ पिसं घरभर. शेपटी हुकच्या दांडीएवढीच ठेव, लांब ठेवली की ट्राउट मासा नुसती शेपूट ओढून पळतो. पीस बोटानं ओलं करून पाहा, कोरडं असताना गच्च दिसते पण पाण्यात अर्धंही उरत नाही. हुकच्या डोळ्यामागं थोडी जागा मोकळी सोड, नवीन लोकं तिथपर्यंत शेनील (अंगाचा केसाळ धागा) गुंडाळत नेतात आन मग गाठ मारायला जागाच नाही! बांधून झाला की बादलीत ओढून पाहा.

आता नागपुरात कुठला ट्राउट, त्याला थंड पाणी लागते, म्हणून प्रॅक्टिस कास्टिंगची, म्हणजे लाईन फेकायची, मैदानावर कर (हुक तोडलेली माशी लाव, कोणाच्या कानात जाईल नाहीतर) आणि खरी फिशिंग हिमाचलात तीर्थन नदीला, परमिट काढून. तिथं माशी प्रवाहाला आडवी, जराशी खालच्या अंगाला टाकायची, रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवायचं आन लाईन वीतभर ओढायची, थांबायचं, परत ओढायची. बहुतेकदा मासा त्या थांबण्यातच धरते. धरला की रॉड वर झटकू नको, लाईनच ओढ.