मेडिकल टुरिझममुळे, म्हणजे उपचारांसाठी परदेशातून रुग्ण येण्यामुळे, एखाद्या भागाची खरंच भरभराट होते का?

होते, पण सगळ्यांची सारखी नाही. परदेशी रुग्ण एकटा येत नाही. सोबत एक-दोन नातेवाईक असतात आणि ऑपरेशननंतर फॉलोअपसाठी मुक्काम लांबतो. त्यामुळे रुग्णालयाच्या बिलाबाहेरचा पैसा लॉज, टॅक्सी, औषधाची दुकानं, पॅथॉलॉजी लॅब आणि दुभाषे यांच्यापर्यंत पोचतो. मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस हे याचं टोकाचं उदाहरण. अमेरिकेच्या सीमेला चिकटलेलं छोटंसं गाव, पण दातांचे डॉक्टर शेकड्यांनी! पलीकडे अमेरिकेत दातांचे उपचार महाग आणि विमा तोकडा, म्हणून तिथले रुग्ण इकडे येतात आणि सगळं गाव त्यावर चालतं. धोकाही त्यातच आहे: 2020 मध्ये कोविडमुळे प्रवास आटला, तसं हे एकाच धंद्यावरचं अवलंबन महागात पडलं.

थायलंडची गोष्ट वेगळी. 1997 च्या आर्थिक संकटात देशातले पैसेवाले रुग्ण कमी झाले, तिथलं चलन बाट घसरलं, आणि खाजगी रुग्णालयं परदेशी रुग्णांकडे वळली. परकीय चलन आलं, पण तज्ज्ञ डॉक्टर सरकारी नोकरी सोडून शहरातल्या खाजगी रुग्णालयांकडे ओढले जाण्याची तक्रारही तिथे वाढली. माझ्या मते खरा हिशेब इथेच चुकतो, कारण त्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा बराचसा खर्च सरकारने केलेला असतो.

बाकी रोजगार वगैरे ठीक, पण मशीन आयात केलेली आणि मालक बाहेरचा असेल, तर नफ्यातला मोठा वाटा त्या भागात राहतच नाही.