भरती झाली की भरीस घातलं?

ग्रॅहम ग्रीनच्या 'अवर मॅन इन हवाना' (१९५८) या कादंबरीतल्या एका प्रसंगाचा अनुवाद करताना एका मित्राने लिहिलं, "वर्मोल्डची हेर म्हणून भरती झाली." वाक्य त्याला स्वतःलाच खटकतंय, पण दुसरं क्रियापद सुचत नाही.

खटकायलाच हवं. भरतीला माणूस आपल्या पायांनी जातो, रांगेत उभा राहतो, छाती मोजून घेतो. वर्मोल्ड हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा साधा दुकानदार. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा हॉथॉर्न त्याला एका बारच्या शौचालयात गाठतो, बोलणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडतो आणि काम सांगून मोकळा होतो. कसली भरती न् कसलं काय!

'गळाला लागला' हा बातम्यांचा लाडका प्रयोग, पण माशाला गळ दिसत नसतो; याला तो चांगला दिसतोय. 'गळ घातली' तर नकोच. टाकतात तो गळ पुल्लिंगी, घालतात ती गळ स्त्रीलिंगी आणि आर्जवाची. हॉथॉर्न आर्जवं करणाऱ्यांतला नव्हे.

मी 'भरीस घातलं' लिहीन. आमची आत्या पैठणीच्या दुकानातून आली की म्हणायची, "मेल्यानं भरीस घातलं, एकीच्या दोन घेतल्या." पैसे तिनेच मोजलेले, तरी दोष दुकानदाराचा. आता यातली खरी गंमत बघा. 'घातलं' म्हटलं की कर्ता समोरचा, 'पडलो' म्हटलं की आपण. म्हणून शौचालयातल्या प्रसंगाला 'भरीस घातलं'. पुढे वर्मोल्ड क्लबच्या सभासदांच्या यादीतून नावं उचलून खोटे हेर उभे करतो आणि त्यांच्या नावाने पैसे घेऊ लागतो, तिथे मात्र 'भरीस पडला'. कादंबरी नेमकी या दोन क्रियापदांच्या मध्ये वळते.

त्याआधीच्या पायरीला 'हेरला' आहेच. हेर आणि हेरणे एकाच घरचे, हिंदीतलं 'हेरना' म्हणजे शोधणंही त्यांच्याच नात्यातलं. हेराने हेरलेला हेर, ही कोटी जमली तर मित्राने जरूर घ्यावी.

'बळेच घोड्यावर बसवलं' मलाही सुचलं होतं. पण वर्मोल्डच्या मुलीला खराखुरा घोडा हवा असतो आणि बापाला पैशांची निकड त्यापायीच. वाचक उगीच तबेल्यात जाऊन पोचेल.