‘स्वच्छ कोळसा’ : धुतलं काय, उरलं काय?

कोळसा, कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरच्या कायद्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावं गाळून गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न (चंद्रपूर) : आमच्याकडच्या वॉशरीतून धुतलेला कोळसा वीज केंद्राला जातो. जाहिरातींतला ‘स्वच्छ कोळसा’ तो हाच का? धुतल्याने कार्बन डायऑक्साइड किती कमी होतो?

उत्तर : जवळजवळ काहीच नाही. वॉशरीत निघते ती राख, म्हणजे कोळशाच्या अंगातली माती आणि दगड. कार्बन जिथल्या तिथे राहतो. तोच काढला तर जाळायचं काय?

हिशोब करून पाहा. आपल्याकडच्या साधारण कोळशाचा उष्मांक किलोला ३,५०० किलोकॅलरी आणि कार्बन ३८ टक्के धरा. एक युनिट वीज काढायला केंद्राला सुमारे २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे ६८५ ग्रॅम कोळसा. त्यात कार्बन २६० ग्रॅम. कार्बनचा अणुभार १२, त्याला येऊन मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या दोन अणूंचा ३२, बेरीज ४४. म्हणून २६० ला ४४ ने गुणून १२ ने भागायचं : सुमारे ९५० ग्रॅम वायू. कोळशापेक्षा धूर जड कसा, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

आता तोच कोळसा धुऊन राख ४१ वरून ३४ टक्क्यांवर आणली समजा. उष्मांक ३,९०० च्या आसपास जातो आणि युनिटला ६१५ ग्रॅम कोळसा पुरतो. पण कार्बनही साडेबेचाळीस टक्क्यांवर चढलेला असतो. ६१५ चे साडेबेचाळीस टक्के काढा, पुन्हा २६० ग्रॅमच येतात. रेल्वेने दगड वाहायचे वाचतात, बॉयलरच्या नळ्या कमी झिजतात, राखेचा तलाव उशिरा भरतो. बॉयलर सुधारून चालला तर वायूतही एखाद-दोन टक्के घट दिसेल. मात्र वॉशरीत बाजूला पडलेला ‘रिजेक्ट’ मालही कुठेतरी भट्टीत जातोच, तो कुणी या हिशोबात धरत नाही.

‘क्लीन कोल’ हा शब्द अमेरिकेतून आला. १९८० च्या दशकात तिथल्या ऊर्जा खात्याने या नावाने कार्यक्रम सुरू केला, तेव्हा चिंता आम्लवर्षावाची होती. गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड धुरातून काढायचे, एवढाच त्याचा अर्थ. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘अमेरिकन कोअलिशन फॉर क्लीन कोल इलेक्ट्रिसिटी’ या उद्योगाच्या संघटनेने याच शब्दांवर मोठी प्रचारमोहीम चालवली. तोवर लोकांच्या मनात प्रश्न कार्बन डायऑक्साइडचा होता आणि उत्तर मिळत होतं गंधकाचं. त्यामुळे हा शब्द दिसला की एकच विचारा : कोणता वायू काढला?

प्रश्न (कोराडी) : एफजीडी (धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा) बसवल्याने उलट कार्बन डायऑक्साइड वाढतो असं वाचलं. खरं की कंपन्यांची पळवाट?

उत्तर : दोन्ही. एफजीडीत चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचे फवारे धुरावर मारतात. गंधकाचा डायऑक्साइड चुनखडीला धरतो, जिप्सम तयार होतं आणि चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड सुटतो. रेणूला रेणू, म्हणजे ६४ ग्रॅम गंधक डायऑक्साइडमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. वरच्याच कोळशात गंधक अर्धा टक्का असेल तर युनिटमागे सुमारे ५ ग्रॅम. पंप आणि पंखे केंद्राचीच एक ते दीड टक्का वीज खातात, त्याचे आणखी १०-१४ ग्रॅम. एकूण वाढ दोन टक्क्यांच्या आत.

बदल्यात युनिटमागे सुमारे ७ ग्रॅम गंधक डायऑक्साइड अडतो. हवेत त्याचे सूक्ष्म सल्फेट कण होऊन ते फुप्फुसात जातात. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने याची मर्यादा ठरवली. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक संचांना एफजीडीतून सूट मिळाली. दोन टक्क्यांची एवढी काळजी वाटत असेल, तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय करणार तेही सांगावं.

प्रश्न (बारामती) : एक व्हिडिओ फिरतोय : ‘कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं खाद्य आहे, हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के.’ एवढ्याशा खताला प्रदूषण कसं म्हणायचं?

उत्तर : अर्ध खरं आहे, म्हणूनच ते चालतं. गहू, हरभरा, सोयाबीन, कापूस, भात यांना जादा वायू मिळाला तर वाढ होते. पण तुमचा ऊस दुसऱ्या घराण्यातला. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही पिकं पानाच्या आतच हा वायू साठवून दाट करून वापरतात, त्यामुळे पाणी पुरेसं असेल तर हवेतल्या वाढीने त्यांना फारसं काही मिळत नाही. ताण पडलेल्या वर्षी पानांवरची छिद्रं थोडी मिटून पाणी वाचतं, तेवढा लाभ. गहू-भाताचं उत्पादन वाढलं तरी दाण्यातलं प्रथिन, जस्त आणि लोह घटतं. आणि दाणा भरण्याच्या दिवसांत ऊन चढलं की हा वायू कितीही असो, दाणा बारीकच राहतो.

०.०४ टक्क्याचं म्हणाल, तर कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. जमिनीकडून वर जाणारी उष्णता ते दोघं अडवत नाहीत. अडवणाऱ्यांतला एक वायू औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्षात २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे, म्हणजे दीडपट. भाजीत मीठ किती आहे हे कढईच्या वजनाशी ताडून कुणी सांगत नाही.

हा युक्तिवाद जुना आहे. अमेरिकेत ग्रामीण वीज सहकारी संस्थांना कोळसा पुरवणाऱ्या ‘वेस्टर्न फ्युएल्स असोसिएशन’ने १९९० च्या दशकात ‘ग्रीनिंग अर्थ सोसायटी’ उभी केली, तिचं कामच हे सांगणं. त्याआधी १९९१ मध्ये कोळसा आणि वीज कंपन्यांच्या संघटनांनी ‘इन्फर्मेशन कौन्सिल ऑन द एन्व्हायर्नमेंट’ काढून फ्लॅगस्टाफ, फार्गो आणि बोलिंग ग्रीन या शहरांत जाहिरातींची चाचणी घेतली. ‘पृथ्वी तापतेय, तर मिनिआपोलिस थंड का होतंय?’ असा एका जाहिरातीचा मथळा. त्यांची अंतर्गत कागदपत्रं लवकरच फुटली. तापमानवाढ ही ‘वस्तुस्थिती नव्हे, सिद्धांत’ म्हणून लोकांपुढे मांडायची, हा उद्देश त्यात स्वच्छ लिहिला होता. कोणाला गाठायचं तेही : कमी शिकलेले वयस्क पुरुष आणि कमी उत्पन्नाच्या तरुण स्त्रिया.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : इथे वाद असा की कार्बन डायऑक्साइड कायद्याने ‘प्रदूषक’ ठरतच नाही. मग नियम कशाच्या जोरावर?

उत्तर : २ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅसेच्युसेट्स विरुद्ध ईपीए (तिथली केंद्रीय पर्यावरण संस्था) खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’मधली प्रदूषकाची व्याख्या इतकी रुंद आहे की हरितगृह वायू तिच्यात बसतात. पुढची पायरी म्हणजे ते आरोग्याला आणि जनहिताला धोकादायक आहेत हा ईपीएचा निष्कर्ष. तो डिसेंबर २००९ मध्ये निघाला. जुलै २०२५ मध्ये ईपीएनेच तो रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. पाया काढला की वरचे नियम आपोआप ढासळतात, म्हणून भांडण तिथे आहे. याच न्यायालयाच्या जून २०२२ च्या वेस्ट व्हर्जिनिया निकालाने वायूला प्रदूषकांतून वगळलं नाही. कोळशाकडून गॅस-वाऱ्याकडे वीजनिर्मिती वळवायला लावण्याचा अधिकार काँग्रेसने (तिथल्या संसदेने) ईपीएला स्पष्टपणे दिलेला नाही, एवढंच म्हटलं. त्या खटल्यातल्या ‘क्लीन पॉवर प्लॅन’चं, म्हणजे वीजक्षेत्राचा कार्बन डायऑक्साइड घटवण्याच्या ईपीएच्या योजनेचं, लक्ष्य होतं २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३२ टक्के कपात. योजना एक दिवसही लागू झाली नाही, तरी वीजक्षेत्राने ते लक्ष्य दहाएक वर्षं आधीच गाठलं. दिवे गेले नाहीत.

प्रचाराची भाषा जवळून पाहायची तर कॅन्सस राज्य घ्या. ऑक्टोबर २००७ मध्ये तिथले आरोग्य-पर्यावरण सचिव रॉडरिक ब्रेम्बी यांनी होलकोंबच्या कोळसा वीज केंद्रातल्या दोन नव्या ७०० मेगावॉट संचांचा परवाना कार्बन डायऑक्साइडचं कारण देऊन नाकारला. काही दिवसांत वृत्तपत्रांत जाहिरात : रशियाचे पुतिन, व्हेनेझुएलाचे चावेझ आणि इराणचे अहमदीनेजाद हसताहेत, आणि प्रश्न, ‘ही माणसं का हसताहेत?’ मतलब असा, की कोळसा नाकारला म्हणजे गॅससाठी यांच्या दारात जावं लागणार. प्रत्यक्षात होलकोंब ज्या नैर्ऋत्य कॅन्ससमध्ये आहे तिथेच ह्यूगोटन हे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गॅसक्षेत्रांपैकी एक आहे. शिवाय त्या संचांची बरीचशी वीज कोलोरॅडोला जायची होती. वायूच्या प्रश्नाला झेंड्याचं उत्तर. जाहिरातीमागे पैसा होता प्रकल्पवाल्या ‘सनफ्लॉवर’चा आणि ‘पीबॉडी’ या कोळसा कंपनीचा. २०२० च्या जानेवारीत ‘सनफ्लॉवर’ने हा विस्तार सोडून दिला.

प्रश्न (वणी) : नियमांनी खाणकामगारांचा रोजगार गेला, हे तरी खरं ना?

उत्तर : अमेरिकेत १९२० च्या दशकात आठ लाखांवर खाणकामगार होते, २००० साली लाखाच्याही खाली. कार्बन डायऑक्साइडवर तेव्हा एकही नियम नव्हता. रोजगार खाल्ला तो आधी यंत्रांनी आणि वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या उघड्या खाणींनी. तिथले थर वीस-तीस मीटर जाडीचे, फावड्याचं यंत्र थेट डंपर भरतं. मग स्वस्त गॅस आला. केंटकीतल्या भूमिगत खाणीचा पहिला स्पर्धक वायोमिंगचा कोळसाच होता.

प्रश्न (पुणे) : ‘कार्बन पकडणारी केंद्रं ९० टक्के वायू अडवतात’ असं म्हणतात. प्रकल्पासाठी लिहायचं आहे, विश्वास ठेवावा का?

उत्तर : ९० टक्के ‘कशाचे’ ते आधी लिहा. पद्धत अशी. धुरात कार्बन डायऑक्साइड असतो १२-१४ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. धूर ४० अंशांपर्यंत थंड करून मनोऱ्यात पाण्यात मिसळलेल्या अमाइन या रसायनाच्या (जुन्या पद्धतीत ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन) धारेखालून नेतात. अमाइन वायू धरून ठेवतं. दुसऱ्या मनोऱ्यात ते १२० अंशांवर तापवलं की वायू सुटतो. मग तो शंभर बारच्या (हवेच्या दाबाच्या साधारण शंभरपट) वर दाबून नळातून जमिनीखाली सोडायचा.

खर्च तापवण्यात आहे. टन वायू सोडवायला सुमारे ३.५ गिगाज्यूल लागतात. ही वाफ टर्बाइनची तोडलेली असते, त्यामुळे केंद्राची वीज २० ते ३० टक्के घटते. २५ धरा. म्हणजे तेवढीच वीज विकायला ३३ टक्के जादा कोळसा जाळायचा. युनिटमागे ९५० ऐवजी १,२६५ ग्रॅम वायू तयार होतो, त्यातले ९० टक्के पकडले तरी १२६ ग्रॅम सुटतात. खरी कपात ८७ टक्के, आणि जादा कोळशाच्या खाणीचा हिशोब वेगळा.

बिघाड कुठे होतो? धुरात गंधक डायऑक्साइड थोडा जरी राहिला तरी अमाइनचे न सुटणारे क्षार होतात. म्हणून आधी उत्तम एफजीडी हवंच (कोराडीचं पत्र पाहा). बारीक राख गाळण्या चोंदवते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या कॅनडाच्या बाउंडरी डॅम संचाला पहिल्या वर्षांत राख आणि बिघडणारं अमाइन या दोन्हींनी छळलं. वर्षाला दहा लाख टनांचं ठरवलेलं प्रमाण लांबच राहिलं.

२०१७ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेला पेट्रा नोव्हा प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या बरा चालला. पकडलेला वायू तेलाच्या विहिरीत सोडून जादा तेल काढायचं, त्यावर त्याचं गणित होतं. तेलाचे भाव पडले तसा तो मे २०२० मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथेही ९० टक्के होते ते धुराच्या बाजूला काढलेल्या एका धारेचे, म्हणजे एका संचाच्या सुमारे ३७ टक्के धुराचे. गुणाकार करा : त्या संचाचा एक तृतीयांश वायू. वाफेसाठी वेगळं गॅस टर्बाइन बसवलं होतं, त्याचा धूर तसाच वर जात होता. त्याच आवारात कोळशाचे आणखी तीन संच होते, त्यांच्या चिमण्यांना कार्बन पकडणारं काहीच जोडलेलं नव्हतं.